शेवटचा बल्ब

मालवणच्या बाजारातून मेढ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाला गुरुदास कोयंड्याचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खणांची जागा. मागे फिल्म धुवायची काळोखी खोली आणि पुढे भिंतभर पडदा, त्या पडद्यावर बर्फाचे डोंगर. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिलं नव्हतं अशी माणसं त्या डोंगरांपुढे ताठ बसायची. लग्नाच्या मुली, मुंबईला नोकरीवर निघालेले तरुण, पागोटं बांधून आलेले म्हातारे, सगळ्यांचे चेहरे कॅमेऱ्यापुढे सारखेच व्हायचे. पस्तिशीला येईतो गुरुदासला त्या चेहऱ्यांचा वीट आला होता. पण दुसरं काही येतही नव्हतं.

चौसष्ट सालच्या दिवाळीनंतर इनास रॉड्रिग्ज त्याच्या दारात येऊन उभा राहिला. इनास देवबागचा. दोघे एका शाळेत शिकले, खाडीत एकत्र पोहले, एकमेकांच्या आयांच्या हातचं जेवले. पुढे इनास नौदलात गेला, तिथे पाणबुड्या झाला. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी काम करणारा मालवणातला तो पहिलाच असावा. आता समुद्रजीवांचा अभ्यास करणाऱ्या मुंबईच्या एका पथकाने त्याला मागून घेतला होता. पथकाचे प्रमुख डॉक्टर आजगावकर लाँच घेऊन मालवणच्या बंदरात आले होते आणि त्यांचा फोटोग्राफर आल्या आल्या काविळीने आडवा झाला होता.

"गुरू, चल रे माझ्यावांगडा," इनास म्हणाला. "वरच्या लोकांचे फोटो मस्त काढलंस. आता खालच्यांचे काढ."

गुरुदास हसला, पण त्या दिवशी त्याने दुकान लवकर बंद केलं.

इनासने त्याला आधी तारकर्लीच्या उथळ पाण्यात शिकवलं. तोंडात रबरी नळी धरून श्वास कसा घ्यायचा, वर येताना श्वास कोंडायचा कसा नाही, काचेत पाणी शिरलं तर काय करायचं. एक गोष्ट त्याने पुन्हा पुन्हा सांगितली. टाकीत शेवटची थोडी हवा राखून ठेवलेली असते. श्वास जड लागायला लागला की बाजूची सळई खाली ओढायची, मग ती हवा सुटते आणि माणूस सावकाश वर येऊ शकतो.

"सळई अडाकली, तर माका धरूचा, मी ओढतलंय. माझी अडाकली, तर तू. खाली दुसरो कोण नाय. तू माका आणि मी तुका. कळला?"

"कळला रे. कितीदा सांगशीत?"

किल्ल्याच्या पलीकडे, पश्चिमेला, पाण्याखाली खडकांची रांग आहे. मालवणचे कोळी तिथे जाळं टाकत नाहीत, फाटतं म्हणून. गुरुदास पहिल्यांदा तिथे उतरला तेव्हा त्याला वाटलं होतं, मोठाले मासे दिसतील. मासे दिसलेही. पण तिसऱ्या-चौथ्या वेळी तो एका खडकाला नाक लावून स्थिर राहिला आणि हळूहळू त्याला दुसरंच जग दिसायला लागलं. काचेसारखी आरपार कोळंबी, तांदळाच्या दाण्याएवढी, पोटातली अंडीसुद्धा दिसावीत अशी. शेवाळाचा तुकडा म्हणून बघावं तर तो खेकडा निघायचा. पोवळ्याच्या फांदीला शेपूट गुंडाळून डुलणारा, करंगळीच्या नखाएवढा समुद्रघोडा. ह्यातल्या कुणाला कॅमेऱ्यासाठी ताठ बसणं ठाऊक नव्हतं. घरी आला की तो सुगंधाला, आपल्या बायकोला, जेवणाच्या पाटावर बसून हातवारे करीत हे सांगायचा. ती म्हणायची, "अहो, भात निवला." त्याला ऐकू जायचं नाही. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नसेल, असं ती पुढे एकदा म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

कॅमेरा जाड पारदर्शक पेटीत बंद केलेला असे. पेटीच्या पुढे तारेची एक चौकट. त्या चौकटीत जीव आला की तेवढाच स्पष्ट उमटायचा, बोटभर पुढे-मागे झालं की फिका. खाली रंग दिसत नाहीत, सगळं निळसर करडं, म्हणून प्रत्येक फोटोला फ्लॅशचा बल्ब लागे. एकदा पेटला की जळून काळा. कमरेच्या जाळीत मोजके बल्ब घेऊन उतरायचं आणि ते जपून वापरायचे. डॉक्टरांनी रंगीत फिल्म दिली होती, तीही अशीच जपून. गुरुदास अंगाने सावकाश आणि स्वभावाने चिकट. खडकाला धरून तो निपचित पडून राही, त्यामुळे त्याची हवा पुष्कळ पुरे. इनास मात्र तळाशी फिरून डॉक्टरांसाठी नमुने गोळा करी, त्याची हवा लवकर संपायची. तो येऊन खांद्यावर थाप मारी, मग दोघे वर.

नाताळाच्या आदल्या आठवड्यातला तो दिवस. पाणी आरशासारखं होतं. लवू तांडेल होडी घेऊन वर थांबला होता, लाँच जरा लांब नांगरून होती. दोघे सहा वाव, म्हणजे पस्तीसेक फूट, खाली गेले.

गुरुदासने त्या दिवशी घाई केली. सुरुवातीलाच एका समुद्रघोड्यावर आणि दोन खेकड्यांवर बल्ब उडवले, आणि एकच बल्ब उरला तेव्हा त्याला ती दिसली. खडकाच्या वळचणीला एक गोगलगाय, शंख नसलेली, बोटाच्या पेराएवढी. पाठीवर पिसांचा तुरा, डोक्यावर दोन शिंगं. आणि ती अंडी घालत होती. तिच्या अंगाखालून एक नाजूक फीत निघत होती आणि खडकावर वेटोळं घेत होती, सोऱ्यातून चकली पडावी तशी, वळसा वळशाला लागून. गुरुदासने असं काही पाहिलं नव्हतं, डॉक्टरांनीही असल्या गोष्टीचा फोटो कुणी काढल्याचं सांगितलं नव्हतं. त्याने चौकट हळूच पुढे सरकवली. शेवटचा वळसा पुरा व्हायला आला होता.

तेवढ्यात कुणीतरी त्याचा खांदा धरला. त्याने मागे न बघता तळहात वर केला. थांब.

खांद्यावरचा हात सुटला. मग त्याच्या पायाला ओढ बसली, जोराची. त्या ओढीने तळाची माती उठली आणि चौकटीत धूर झाल्यासारखं झालं. गोगलगाय दिसेनाशी झाली. गुरुदासच्या डोक्यात तिडीक गेली. एवढा मोठा पाणबुड्या, ह्याला एवढं कळू नये? त्याने पाय झटकला. पाय कशा तरी मऊ गोष्टीवर आपटला. पुन्हा ओढ बसली नाही.

तो तसाच पडून राहिला. माती सावकाश खाली बसली. गोगलगाय तिथेच होती, फीत पुरी झाली होती, आणि तिची दोन्ही शिंगं कॅमेऱ्याकडे वळली होती. त्याने खटका दाबला. बल्ब पेटला, आणि त्या क्षणभराच्या उजेडात त्याला रंग दिसले: जांभळं अंग, शेंदरी तुरा, आणि अंड्यांची फीत जास्वंदीसारखी लाल.

तो हसत वळला, इनासला दाखवायला. मागे कुणी नव्हतं. नमुन्यांची पिशवी तळाशी पडली होती, तिच्यातून एक शंख घरंगळून बाहेर आला होता. शेजारी खडकाला कुठून तरी वाहून आलेल्या जुन्या जाळ्याचा तुकडा लोंबत होता, ओढून तोडल्यासारखा. गुरुदासने ते पाहिलं आणि सगळं एकदम त्याच्या ध्यानात आलं. सळई. इनासच्या टाकीची सळई जाळ्यात गुंतून अडकली होती, आणि ती ओढून घ्यायला तो आपल्याकडे आला होता.

तो वर आला तेव्हा इनास होडीपासून लांब पालथा तरंगत होता. लवू ओरडत वल्ही मारत होता. "गुरू, धर तेका! तेचा तोंड पाण्याभायर धर!"

कॅमेऱ्याची पेटी मनगटाच्या दोरीला तशीच लोंबत ठेवून गुरुदासने हात मारले. इनासला उताणा केला, त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, पट्टे सोडून टाकी समुद्रात जाऊ दिली. इनासच्या तोंडातून फेस येत होता आणि त्या फेसात रक्त होतं. लवूची होडी येईपर्यंत गुरुदासने त्याला सोडलं नाही, स्वतः दोनदा पाण्याखाली गेला तरी. हे सगळं लवूने डोळ्यांनी पाहिलं. आणि लवूने जे पाहिलं तेच संध्याकाळपर्यंत साऱ्या मालवणला कळलं.

इनास वाचला. पथकाच्या जीपने त्याला पणजीच्या इस्पितळात नेलं. वर येताना, अखेरच्या घुसमटीत त्याने श्वास कोंडला होता. छातीतली हवा वर येता येता फुगली आणि डावं फुप्फुस फाटलं. सारं शिकवणारा माणूस, पण जीव गुदमरला की शिकलेलं कुठे राहतं! महिनाभराने तो घरी आला तो काठी टेकत. पुन्हा पाण्यात उतरायचं नाही, ओझं उचलायचं नाही, चढ चढायचा तर सावकाश, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं. नौदलातली नोकरी सुटली.

तो घरी आला त्याच आठवड्यात त्याची आई सेवरीना स्टुडिओत आली. गुरुदास तिला लहानपणापासून मावशी म्हणायचा. देवबागहून उन्हातून चालत आली होती. गिऱ्हाईक बसलं होतं त्याच्यासमोर तिने गुरुदासचे दोन्ही हात धरले आणि त्यांना ओठ लावले.

"मावशी, ह्या काय करतंस?" त्याने हात ओढायचा प्रयत्न केला.

"ऱ्हव रे झीला. ह्या हातांनी माझो इनास भायर काढलंस. तुझ्या नावान इगर्जीत प्रार्थनेचो मीस सांगलंय. फादर म्हणालो, हिंदूच्या नावान? मी म्हटलंय, देवाक सगळी नावां वाचूक येतत."

गिऱ्हाईकाने मान डोलावली. गुरुदासने बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं. मावशी, त्याने माझा पाय धरला होता. पण ती इतकी प्रसन्न दिसत होती, आणि दुकानात तिसरा माणूस होता, आणि आता नको, मग सांगू, असं म्हणता म्हणता ती गेलीसुद्धा. तिच्या ओठांची ओल हातावर होती. तो मागच्या काळोख्या खोलीत गेला आणि दार लावून बसून राहिला. सुगंधाने जेवायला हाक मारली तेव्हा तो आतूनच म्हणाला, फिल्म धुतोय. धुवायला एकही फिल्म नव्हती.

तो देवबागला जाई, इनासच्या खाटेपाशी बसे. इनास हवापाण्याचं बोलायचा, बोलता बोलता दम लागून थांबायचा. आलेल्या-गेलेल्याला सांगायचा, "गुरून माका धरल्यान म्हणान हय आसंय." तो हे सरळ मनाने म्हणतो की आपल्याकडे बघून म्हणतो, हे गुरुदासला उमगत नसे. त्याला काय आठवतं आणि काय नाही, ते विचारायची हिंमत होत नव्हती. सेवरीनामावशी अंड्याचा पोळा करून आणायची, न खाल्लं तर ती दुखावेल म्हणून तो खायचा.

फाल्गुनात डॉक्टर आजगावकर मुंबईहून आले ते फोटोची हातभर मोठी चौकट घेऊन. फोटो उत्तम आला होता. नुसता उत्तम नाही. जांभळी गोगलगाय, लाल वेटोळं, एकेक अंडं मोजावं इतकं स्पष्ट. मुंबईतल्या जाणकारांनी वाहवा केली होती. गावकऱ्यांनी शाळेच्या सभागृहात सत्काराचा घाट घातला. गुरुदास नको नको म्हणाला, ते लोकांनी नेहमीचं नको नको समजून सोडून दिलं. इनासची तब्येत बरी नव्हती, तो आला नाही. सेवरीनामावशी आली, पहिल्या रांगेत, नाताळाची साडी नेसून.

डॉक्टर बोलायला उभे राहिले. "मंडळी, हे चित्र विज्ञानाच्या दृष्टीने मोलाचं आहेच. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते वेगळं. ज्या माणसाने हे टिपलं, त्यानेच त्याच वेळी आपल्या मित्राचा जीव वाचवला. एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात मित्र!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुदासच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. ‘त्याच वेळी’ हे शब्द त्याच्या डोक्यात घण घातल्यासारखे पडत होते. त्याला बोलायला सांगितलं. तो उभा राहिला. समोर फोटो उभा केलेला, त्याच्याखाली मावशीचा हसरा चेहरा. त्याने तोंड उघडलं.

"मी... मी काही वाचवलं नाही," तो म्हणाला.

लोकांना वाटलं, काय हा विनय! पुन्हा टाळ्या झाल्या. मावशीने पदराने डोळे पुसले. ह्यापुढे बोलायचं तर त्या टाळ्या हाताने थोपवाव्या लागल्या असत्या, आणि तेवढं बळ त्याच्यात नव्हतं. तो खाली बसला. आपण खरं बोलायचा प्रयत्न केला असं उद्या स्वतःला सांगता येईल, हा विचार बसता बसताच त्याच्या मनात आला, आणि त्या विचाराची त्याला सगळ्यात जास्त किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो देवबागला गेला. इनास माडाखाली बसला होता, जाळं शिवत. मावशी खाडीवर कालवं काढायला गेली होती. गुरुदास समोर उकिडवा बसला. बराच वेळ सुई चालली.

"फोटो बरो इलो म्हणतत," इनास म्हणाला.

"इनास..."

"मी बोलतंय. माका दम लागता, मधी बोला नको." त्याने सुई खाली ठेवली. "त्या दिशी मी तुझो पाय धरलेलंय. तू झटाकलंस. माझ्या छातीक लागलो. रोज रातीक मी मनाक सांगतंय, गुरूक वाटला आसतला कायतरी लागला, मासो लागलो. खरा सांग. तुका कळलेला?"

खाडीवरून वारा आला. खोटं बोलायला हीच शेवटची जागा होती आणि इनासने ती स्वतःच मोकळी करून ठेवली होती. मासा वाटला, एवढं म्हटलं की झालं असतं.

"कळलेला," गुरुदास म्हणाला. "तू आसस, ह्या कळलेला. तुका काय व्हया, ता कळूक नाय. म्हणजे, मी बघूकच नाय मागे. एकच बल्ब रवलेलो."

"एकच बल्ब," इनास म्हणाला. त्याने मान हलवली, एखादा हिशेब जुळल्यासारखी. चेहऱ्यावर राग नव्हता; राग असता तर गुरुदासला बरं वाटलं असतं. "बरा झाला सांगलंस. आता जा. थोडे दीस येव नको."

गुरुदास उठला. "मावशीक सांगतंय मी. आजच सांगतंय."

"नको." पहिल्यांदाच इनासचा आवाज चढला आणि त्याला खोकला आला. खोकला संपल्यावर तो म्हणाला, "ती म्हातारी तुझ्यासाठी प्रार्थना करता. तेच्यात तिका बरा वाटता. तुका हलका होवचा आसा, म्हणान तिचा सुख कित्याक काढून घेतंस?"

गुरुदास वळला. तो किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणला परत आला. घरी येऊन त्याने फोटोची ती चौकट कापडात गुंडाळून पोटमाळ्यावर टाकली. सुगंधाने का म्हणून विचारलं, तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. सत्काराची शाल तिने पुन्हा कधी बाहेर काढली नाही.

थोडे दिवस म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. मधल्या काळात सेवरीनामावशी बाजारात भेटली की थांबायची, इनासची खुशाली सांगायची, आणि "तू येणा नाय हल्ली" म्हणून रुसायची. गुरुदास कामाचं निमित्त सांगायचा. त्याने पुन्हा कॅमेरा पाण्यात नेला नाही. बर्फाच्या डोंगरापुढे माणसं बसवायची आणि फोटो काढायचे, एवढंच.

इनासला रेडीच्या बंदरात काम लागलं होतं. खनिजाच्या बोटी भरत, तिथे भरणीवर देखरेखीचं, बसून करायचं काम. सदुसष्टच्या जानेवारीत तिथल्या नव्या धक्क्याचे फोटो काढायला गुरुदासला बोलावणं आलं. जावं की नाही ह्यावर त्याने रात्र काढली आणि गेला.

इनास त्याला दुपारच्या सुट्टीत दिसला, तांबड्या धुळीने माखलेला, केसांपासून पायांपर्यंत. तो गुरुदासला बघून थांबला. मग डबा वर करून दाखवला आणि यशवंतगडाच्या वाटेकडे चालू लागला. दोघे तटाच्या सावलीत बसले. इनासने भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढे ठेवली. दोघे जेवले.

"ता काय होता रे, खरा म्हणजे?" इनासने एकदम विचारलं.

"काय?"

"ज्याचो फोटो काढलंस ता. मी बघूक नाय. तुझो फोटोय बघूक नाय, मुद्दाम."

गुरुदास गडबडला. "गोगलगाय होती. बारीक. अंडी घालीत होती."

"मगे सांग ना नीट."

तो सांगायला लागला. आधी तुटक, जमिनीकडे बघत. अंग जांभळं, बोटाच्या पेराएवढं. मग तुऱ्याबद्दल सांगितलं. मग त्या फितीबद्दल, ती कशी खालून निघत होती आणि कडेला जराशी मुरडत होती, आणि गोगलगाय जराही घाई न करता स्वतःभोवती कशी फिरत होती. सांगता सांगता त्याची बोटं हलू लागली, हवेत वेटोळं काढू लागली, आवाज चढला. "आणि उजेड पडलो मां, इनास, तेवा सगळा लाल झाला, तुका सांगतंय, असो लाल मी..."

तो थांबला. बोटं तशीच हवेत राहिली. समोर इनास बसला होता, तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घेत, आणि आपण आनंदाने सांगत होतो. तो आनंद दोन वर्षांत जराही मेला नव्हता. गुरुदासने हात खाली घेतले आणि मांडीखाली दाबले.

"थांबलंस कित्याक?" इनास म्हणाला.

"नको."

इनास त्याच्याकडे पाहत राहिला. "तसोच आसस अजून," तो म्हणाला. त्यात दोष होता की नुसतं ओळखणं होतं, ते गुरुदासला कळलं नाही.

बंदरावरचा भोंगा झाला. इनासने डबा बांधला आणि तो बंदराकडे उतरण्याआधीचा छोटा चढ चढू लागला. गुरुदास एक पाऊल मागून चालला. हात द्यावा की न द्यावा ते त्याला ठरवता येईना, आणि ठरेपर्यंत चढ संपत आला. वर पोचल्यावर इनास कमरेवर हात ठेवून उभा राहिला, दम जिरेपर्यंत. खाली बोटीत खनिज ओतलं जात होतं, धुळीचा लोट समुद्रावर सरकत होता.

"आणि ती अंडी?" त्याने मागे न वळता विचारलं. "तेंचा काय झाला मगे?"

"माका ठावक नाय," गुरुदास म्हणाला. "मी परत खाली गेलंयच नाय."